चिनूच्या टी-शर्टवरची तोफ

आजी: चिनूचा लाल टी-शर्ट आत्ता दोरीवर वाळत घातला, त्याच्यावर तोफ का आहे रे? फुटबॉलचा आहे म्हणतो ना तो, मग तोफेचं काय काम

चिनू: आजी ते आर्सेनल आहे!! त्यांना गनर्स म्हणतात

आजी: हो पण का म्हणतात

चिनू: नावच आहे ते टीमचं. दादाला विचार, तो तिकडेच इंग्लंडमध्ये राहतो

दादा (रेडिंग): आजी बरं झालं विचारलंस, मी इथे आल्यापासून हेच वाचत असतो. आर्सेनल म्हणजे शस्त्रागार, गनर म्हणजे तोफची. लंडनमध्ये वुलिच म्हणून भाग आहे, तिथे तोफा आणि दारूगोळ्याचा अवाढव्य सरकारी कारखाना होता, रॉयल आर्सेनल. त्यातल्या डायल स्क्वेअर नावाच्या वर्कशॉपमधल्या कामगारांनी १८८६ साली आपापसात वर्गणी काढून टीम सुरू केली. कपड्यांना पैसे कुठले, पण त्यांच्यातले काही जण आधी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून खेळलेले होते, त्यांनी जुन्या क्लबकडे मागणी केली आणि तिकडून लाल जर्सी आल्या, तोच लाल रंग आज तुझ्या दोरीवर वाळतोय. १९१३ ला क्लब वुलिच सोडून थेम्सच्या पलीकडे पार उत्तर लंडनला हायबरीला गेला, पण तोफ बरोबर घेऊनच गेला

आत्या (पुणे): म्हणजे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या लोकांनी टीम काढावी तसं झालं हे

दादा (रेडिंग): अगदी तसंच आत्या

काका (ठाणे): वेस्ट हॅम टीमचं सोपंय मग. हॅम वरून हॅमर्स

दादा (रेडिंग): नाही काका, सगळ्यांना तसंच वाटतं, मलाही वाटायचं. तो हातोडा खरा हातोडा आहे. थेम्सच्या काठावर थेम्स आयर्नवर्क्स म्हणून जहाजं बांधायची कंपनी होती, ब्रिटिश नौदलाचं एचएमएस वॉरियर हे लोखंडी जहाज १८६० साली तिथूनच पाण्यात उतरलं. तिथल्या कामगारांची टीम निघाली १८९५ ला, थेम्स आयर्नवर्क्स याच नावाने, मग १९०० साली ती वेस्ट हॅम युनायटेड झाली. लोगोवर जे एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन हातोडे आहेत ते लोखंडाच्या पत्र्यांना रिव्हेट ठोकायचे हातोडे. आणि मैदानात तर लोक अजूनही आयर्न्स आयर्न्स असं ओरडतात, म्हणजे सरळ कारखान्याचंच नाव. आता ऐका, ती कंपनी १९१२ लाच बंद पडली. शंभराहून जास्त वर्षं झाली, तिथे काम केलेलं एक माणूस जिवंत नाही, पण दर शनिवारी हजारो लोक त्या कारखान्याच्या नावाने घसा कोरडा करतात. मला हे फार मोठं वाटतं

काका (ठाणे): हे माहीत नव्हतं. मान्य

चिनू: दादा अजून सांग ना, उद्या वर्गात सांगतो

दादा (रेडिंग): लिहून घे मग. शेफील्डला पोलाद आणि सुऱ्या-काट्यांचा धंदा म्हणून शेफील्ड युनायटेडला ब्लेड्स. ल्यूटनला हॅट बनवायचे म्हणून हॅटर्स, नॉर्थॅम्प्टनला बूट म्हणून कॉबलर्स म्हणजे चांभार, वॉल्सॉलला घोड्यांची खोगिरं म्हणून सॅडलर्स, स्टोकला कुंभारकाम म्हणून पॉटर्स. क्रूला रेल्वेचं वर्कशॉप म्हणून रेलवेमेन. मॅक्लसफील्डला रेशीम म्हणून सिल्कमेन. नकाशा घेऊन बसलास तर नुसत्या टोपणनावांवरून कुठल्या गावात काय पिकायचं काय बनायचं ते सांगता येईल

आत्या (पुणे): आपल्याकडे कसं, गावाचं नाव आणि बलुतं दोन्ही आडनावात उतरतं, त्यांच्याकडे टीमवर उतरलं. चांभार म्हणवून घ्यायला कोणाला कमीपणा वाटत नाही हे मला आवडलं

दादा (रेडिंग): कमीपणा नाहीच, उलट छातीवर लावून फिरतात

आजी: पण सगळ्या टीम कामगारांच्याच कशा रे

दादा (रेडिंग): सगळ्या नाहीत गं, काही चर्चच्या होत्या. साउदॅम्प्टनला सेंट्स म्हणतात ते सेंट मेरी चर्चच्या तरुण मंडळामुळे. क्रिकेट क्लबच्या पण होत्या. पण कामगारांचं कारण म्हणजे शनिवारची अर्धी सुट्टी. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांमधल्या बायका आणि पोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला बंद करायचं ठरलं, आणि बायका पोरं निघून गेल्यावर नुसत्या पुरुषांवर गिरणी थोडीच चालते, मग हळूहळू सगळ्यांनाच सुट्टी मिळाली. दोनला सुटायचं, घरी जाऊन दोन घास खायचे आणि तीनला मैदानात. इंग्लंडमध्ये शनिवारी तीनची मॅच म्हणतात ती तिथून आली. शेफील्डचाच दुसरा क्लब आहे शेफील्ड वेन्झडे, म्हणजे बुधवार! मूळ १८२० चा क्रिकेट क्लब, त्या लोकांना अर्धी सुट्टी बुधवारी असायची म्हणून ते नाव, १८६७ ला त्यांनी फुटबॉल सुरू केला

आजी: म्हणजे आपली शनिवार पेठ

दादा (रेडिंग): हो आजी. आणि त्यांचं टोपणनाव घुबड

आजी: शी बाई, घुबड कशाला

दादा (रेडिंग): इंग्लंडमध्ये घुबड अपशकुनी मानत नाहीत तेवढं, आणि मुळात ते पक्ष्यावरून नाहीच. त्यांचं मैदान आउलर्टन नावाच्या भागात, त्या आउलर्टनमधला आउल घेतला आणि मग घुबड आलं. नॉर्विचचं मात्र खऱ्या पक्ष्यावरून आहे आणि ते माझं सगळ्यात लाडकं. सोळाव्या शतकात फ्लँडर्सकडून, म्हणजे आताच्या बेल्जियमच्या बाजूने, विणकर पळून नॉर्विचला आले, धर्मावरून छळ चालला होता त्यांचा. त्यांनी येताना पिंजऱ्यातून कॅनरी आणल्या असं म्हणतात. मागावर बसलेल्या माणसाला दिवसभर सोबत. मग गावभर कॅनरी पाळायचा नाद लागला. नॉर्विच सिटी क्लब १९०२ ला निघाला तेव्हा जर्सी निळी पांढरी होती! टोपणनाव कॅनरीज पडलं आणि नंतर त्यांनी जर्सीच पिवळी हिरवी केली, म्हणजे आधी पक्षी मग रंग

आजोबा: विणकरांचं वाचलं. आमच्या खात्यात एक मालवणचा विणकर होता त्याने पोपट पाळलेला, मिलमध्ये आणता यायचा नाही म्हणून चाळीच्या गॅलरीत ठेवायचा आणि पहिल्या पाळीला जाताना त्याच्याशी बोलून जायचा

आई: बाबा तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत

आजोबा: कोणी विचारलं नाही

काका (ठाणे): दादा मँचेस्टर युनायटेडचं रेड डेव्हिल्स लाल जर्सीवरूनच ना, की ते पण चुकलं माझं

दादा (रेडिंग): अर्धं बरोबर आहे काका. नाव आधी दुसऱ्याचं होतं. मँचेस्टरला लागून सॅल्फर्ड आहे, तिथला रग्बी क्लब १९३४ ला फ्रान्सला खेळायला गेला, लाल जर्सीत, आणि तिथल्या पेपरांनी त्यांना लाल सैतान म्हटलं. युनायटेडचे मॅनेजर मॅट बस्बी, त्यांच्या तरुण टीमला बस्बी बेब्स म्हणायचे, पण १९५८ ला म्युनिकला विमान पडलं आणि त्यातली आठ पोरं गेली. त्यानंतर बेब्स हा शब्द कोणाच्या तोंडून निघणार? बस्बींना ते सॅल्फर्डचं नाव आवडलं आणि ते युनायटेडला चिकटलं. युनायटेडचा मूळ क्लब पण कामगारांचाच बरं का, न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांचा, १८७८

आई: आठ पोरं. अरेरे

चिनू: एव्हर्टनला टॉफीज का म्हणतात

दादा (रेडिंग): लिव्हरपूलच्या एव्हर्टन भागातल्या टॉफीच्या दुकानांमुळे. मॅचच्या आधी एक मुलगी मैदानाभोवती फिरून प्रेक्षकांत गोळ्या उधळते, ती प्रथा आहे त्यांची

आजी: हे छान आहे. लग्नात अक्षता टाकतात तसं

आत्या (पुणे): आणि तू राहतोस त्या रेडिंगची टीम आहे का, तिचं काय नाव

दादा (रेडिंग): आत्या तेच सांगायला थांबलो होतो. आहे ना, १८७१ चा क्लब. पूर्वी त्यांना बिस्किटमेन म्हणायचे! रेडिंगमध्ये हंटली अँड पामर्सचा बिस्किटचा कारखाना होता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या सगळ्यात मोठ्या बिस्किट कारखान्यांत गणला जायचा, पाच हजारांवर माणसं कामाला. पत्र्याच्या डब्यातून जगभर माल जायचा, इथल्या म्युझियममध्ये त्या डब्यांचं एक दालनच आहे, मी दोनदा जाऊन आलो. १९७६ ला इथलं उत्पादन बंद झालं. आणि साधारण त्याच सुमारास टोपणनाव पण बदलून रॉयल्स केलं, कारण रेडिंग ज्या बर्कशर परगण्यात आहे त्याला रॉयल काउंटी म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. राजाराणीचं नाव लावलं की गाव कोणाचं होतं ते पुसलं जातं. पाच हजार माणसांच्या अंगाला बिस्किटाचा वास यायचा ते गाव होतं ते. क्रिस्टल पॅलेस टीमने पण तेच केलं, आधी ग्लेझियर्स होते, म्हणजे काचा बसवणारे, त्या १८५१ च्या प्रदर्शनाच्या काचमहालावरून. महाल १९३६ ला जळला तरी नाव होतं, १९७३ ला ते ईगल्स झाले. गरुड काय कोणीही होतं हो, काच बसवणारे तेच एकटे होते

काका (ठाणे): पण कारखानाच राहिला नाही तर नाव कशाला धरून बसायचं, नवीन पोरांना काय कळणार

दादा (रेडिंग): वेस्ट हॅमच्या पोरांना कळतं ना काका. हातोडा बघून पोरगं बापाला विचारतं आणि बाप सांगतो, आज आजीने विचारलं तसं

आजोबा: मी सांगतो काका काय म्हणतो त्यावर. बऱ्याच मिलच्या फुटबॉल टीम होत्या मुंबईत, मफतलालची नावाजलेली होती, रोव्हर्स कप बघायला आम्ही पाळी सुटली की कूपरेजला जायचो, मिलची टीम असली की खातंच्या खातं यायचं आणि ओरडताना मिलचंच नाव घ्यायचो खेळाडूचं नाही, मग ८२ च्या जानेवारीत संप झाला आणि पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, आता त्या जागेवर काचेच्या इमारती आहेत, परवा रिक्षावाल्याला मिलचं नाव सांगितलं तर त्याला कळेना शेवटी मॉलचं नाव सांगावं लागलं

आई: बाबा...

दादा (रेडिंग): आजोबा तुमच्याकडे त्या टीमचा एखादा फोटो आहे का

आजोबा: टीमचा नाही. आमच्या खात्याचा आहे, गेटवर काढलेला, १९७४ चा. पेटीत असेल

चिनू: मी काढतो पेटी. आजोबा सगळ्यांची नावं सांगाल का मला, मागे लिहून ठेवू

आजोबा: आठवतील तेवढी सांगतो. मालवणच्या त्या माणसाचं आधी लिही, पोपटवाल्याचं

आजी: पेटी काढशील तर आधी हात धू. आणि टी-शर्ट वाळला की आण माझ्याकडे, तोफेशेजारची शिवण उसवलीय, दोन टाके घालून देते