विषय: मुंबई–अमरावती विमान, आईला घेऊन जायचं आहे

प्रेषक: मीनल (मंडळ यादी)

नमस्कार मंडळी,
जानेवारीत आईला इकडून, परदेशातून, गावी सोडायला जाते आहे. गाव चांदूर बाजारजवळ. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे मुंबईहून रात्रभराचा रेल्वेप्रवास नको वाटतो. अमरावतीचं विमान कुणी घेतलंय का? नाहीतर नागपूरला उतरून गाडी करू?

प्रेषक: श्रीकांत

मीनलताई,
मी सध्या गावीच आहे, तुरीच्या कापणीसाठी आलो. येताना त्याच विमानानं आलो. एटीआर 72 आहे, पंख्याचं. पावणेदोन तासांत बेलोरा, म्हणजे अमरावतीचं विमानतळ. बडनेरा-यवतमाळ रस्त्यावर उतरून तासाभरात घरचा चहा, हे आपल्या भागात 16 एप्रिल 2025च्या आधी नव्हतंच. मला तर भरून आलं.

पण दोन गोष्टी आधीच बघा. सेवा सुरू झाली तेव्हा विमान आठवड्यातून तीनच दिवस होतं. म्हणून आधी अमरावतीचा वार पक्का करा आणि मगच परदेशातून येणारं तिकीट काढा. उलटं केलंत तर आईंना घेऊन मुंबईत दोन दिवस काढावे लागतील. दुसरं सामान. आपण 23 किलोच्या दोन-दोन बॅगा आणतो आणि इथे 15 किलोवर जादा पैसे पडतात. आईंच्या औषधांची पिशवी हातात ठेवा, जड बॅग नातेवाइकासोबत अंबा एक्सप्रेसनं पाठवा.

विमान चुकलंच तर अंबा किंवा विदर्भ एक्सप्रेसचं खालचं बर्थ धरून ठेवा. विदर्भनं आलात तर बडनेऱ्याला उतरायचं.

प्रेषक: वंदना

श्रीकांतभाऊंच्या बोलण्यात थोडी भर घालते. माझं माहेर गोंदियाचं. आमच्या बिरसी विमानतळावर मार्च 2022मध्ये विमान सुरू झालं, काही महिन्यांत बंद पडलं. मग डिसेंबर 2023मध्ये दुसऱ्या कंपनीनं हैदराबाद-तिरुपती सुरू केलं, तोवर लोक पुन्हा नागपूरच धरत होते. ‘उडान’ या लहान शहरांच्या विमानसेवेच्या योजनेत सरकार कंपनीला तोट्याची भरपाई देतं, पण ती तीन वर्षांपुरती. त्यानंतर प्रवासी नसले तर विमान राहात नाही. म्हणून फक्त दिवाळीत नाही, उन्हाळ्यातल्या लग्नालाही आपण बेलोऱ्यानंच यावं असं मला मनापासून वाटतं. धावपट्टी 1850 मीटरची आहे, एटीआरला पुरते. मोठ्या विमानांसाठी ती वाढवायची, तर आधी हे छोटं विमान भरून जायला हवं ना?

प्रेषक: मीनल

दोघांचेही आभार. अमरावतीचा वार बघूनच तिकीट काढते. बेलोऱ्याहून टॅक्सी मिळते का?

प्रेषक: श्रीकांत

आधीच सांगून ठेवा. आणि ड्रायव्हरला ‘विमानतळाचं बेलोरा’ असं स्पष्ट सांगा, चांदूर बाजारकडेही एक बेलोरा आहे. तोवर मी गावीच असेन. वार कळवा, आमची गाडी पाठवतो. आईंना पुढच्या सीटवर बसवू, पाय लांब करता येतात.