१९८४ चा ऑप्टिमस प्राइम, बिनखोक्याचा सेट: बघायला गेल्यावर काय काय तपासायचं?

करडा_ट्रेलर:

नमस्कार मंडळी. ठाण्यात एक जण पहिल्या पिढीचा ऑप्टिमस प्राइम (ट्रकचा रोबोट होणारं ट्रान्सफॉर्मर्सचं खेळणं) विकतोय, बिनखोक्याचा. त्याच्या म्हणण्यानुसार तो १९८४ चा अस्सल आहे. फोटोंत ट्रक, ट्रेलर, करडा रोलर (ट्रेलरमधली छोटी गाडी), बंदूक आणि दोन्ही मुठी दिसतात. इंधनाचा पाइप दिसत नाही. ट्रेलरवरच्या निळ्या पट्ट्यांच्या कडा सुटल्यात. ट्रकच्या खालच्या बाजूला टाकारा या जपानी कंपनीचं नाव आणि ऐंशीच्या दशकातलं साल वाचता येतं. प्रत्यक्ष हाताळून बघायला अर्धा तास मिळणार आहे. तेवढ्यात काय बघू, आणि कशासाठी किती किंमत कमी करायला सांगू?

डायक्लोन_८३:

त्या सालावर विसंबू नका. कोरलेलं साल हे साच्याच्या हक्काचं असतं, तो नग कधी बनला त्याचं नव्हे. हा साचा अमेरिकन कंपनी हॅस्ब्रोच्या आधीचा आहे. टाकाराने १९८३ मध्ये आपल्या डायक्लोन या खेळण्यांच्या मालिकेत तो 'बॅटल कन्व्हॉय' म्हणून आणला आणि १९८४ मध्ये हॅस्ब्रोने ट्रान्सफॉर्मर्ससाठी घेतला. पुढच्या रीइश्यूंमध्येही (कंपनीने पुन्हा काढलेल्या आवृत्त्यांमध्येही) जुनी अक्षरं राहू शकतात. नकला करणारे तर अख्खा नगच साच्यासाठी वापरतात, त्यामुळे अक्षरंही आपोआप उतरतात. मात्र तशी उतरलेली अक्षरं बोथट होतात, कडा गोलसर दिसतात. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघा. अस्सल नगावर अक्षराची सावली कडक पडते.

मग ट्रकची धुराडी बघा. हॅस्ब्रोने २००२ मध्ये काढलेल्या रीइश्यूची धुराडी मुलांच्या सुरक्षेसाठी आखूड केलेली आहेत. तशी आखूड दिसली की तो १९८४ चा नाही, इतकं नक्की. उलट बाजूने हा नियम लागू होत नाही: टाकाराच्या २००० च्या रीइश्यूची धुराडी लांबच आहेत. लांब धुराडी म्हणजे अस्सल, असं विक्रेता म्हणाला तर त्याला अर्धंच माहीत आहे.

रोलर सुरुवातीच्या काही संचांत निळा होता, नंतर करडा आला. तुमचा करडा आहे म्हणजे काही बिघडलेलं नाही, पण 'पहिल्या खेपेचा' असल्याची जादा किंमत देऊ नका. तसंच उष्णतेने चिन्ह उमटणारा चौकोनी स्टिकर १९८५ पासून सगळ्या मालिकेत आला. तो लावलेला असेल तर माल १९८५ चा किंवा त्यानंतरचा. अंगठा काही सेकंद दाबून ठेवला की चिन्ह दिसायला हवं. उन्हात राहिलेल्या नगावर ते उमटत नाही, आणि नवे छापलेले स्टिकरही मिळतात, म्हणून एवढ्यावरून अस्सलपणा ठरवू नका.

माझ्या मते खरी कसोटी सगळ्या भागांचं वय जुळण्याची आहे. ट्रकचे स्टिकर झिजलेले आणि ट्रेलर करकरीत असेल, तर दोन वेगळ्या संचांची जुळवाजुळव झाली आहे. ती फसवणूक असेलच असं नाही, पण किमतीत ते धरायला हवं. काळ्या उजेडाचा (अतिनील, यूव्ही) छोटा टॉर्च मिळाला तर न्या. एकाच रंगाचे दोन भाग वेगवेगळे चमकले, तर त्यांतला एक बहुधा बाहेरून आलेला आहे.

आडवा_स्क्रू:

आता यंत्राचं बघू. क्रम असा ठेवा, कारण मधेच काही तुटलं तर ते तुमच्याकडून तुटलं असंच तो म्हणेल.

रोबोटच्या अवस्थेतच हातात घ्या. दोन्ही खांदे, कोपरे आणि पायांचे सांधे हळू फिरवा. खिळखिळा सांधा हा दोष नव्हे, ते वय आहे. पण सांधा फिरताना मधेच अडकला आणि जोर लावल्यावर टक् आवाज आला, तर थांबा. आत तडा गेलेला असू शकतो. पिनेभोवती उजेडात पांढरी रेघ दिसते का बघा, ती ताण पडल्याची खूण असते.

मग ट्रक करा. मुठी काढूनच ट्रक होतो, म्हणून मुठी सगळ्यात जास्त हरवतात, आणि हरवलेल्यांच्या जागी बनावट बसवलेल्या असतात. दोन्ही मुठी शेजारी ठेवून रंग आणि खुंटीची जाडी ताडून बघा. बनावट मूठ मनगटात एक तर सैल बसते किंवा इतकी घट्ट की भोक फाटायची वेळ येते. धुराड्याला धरून ट्रक उचलू नका. ती तुटतात तिथेच, बुडाशी, आणि बऱ्याचदा डिंकाने चिकटवून विकली जातात. बुडाशी बारीक चकचकीत गोल कडा दिसली तर तो वाळलेला डिंक समजा.

ट्रेलर बाजूने उघडा. बिजागऱ्या बघा, आतलं यंत्र आणि त्याचा हात पूर्ण आहे का बघा, रोलरला पुढे ढकलणारी स्प्रिंग चालते का तपासा. लोक ट्रकचंच कौतुक करत बसतात आणि ट्रेलर तसाच राहतो. पूर्ण संचाची किंमत ट्रेलरवर टिकते, म्हणून माझा निम्मा वेळ मी तिथेच देईन.

घरी आणल्यावर उघडायचा असेल तर जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या. साध्या फिलिप्सचं टोक त्या खाचेत नीट बसत नाही, घसरतं आणि डोकं गोल होऊन जातं. सैल खांदा उघडता येत असेल तर आतल्या खुंटीवर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्या, चोवीस तास पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. सुपरग्लू वापरू नका. थेंब जास्त झाला की सांधा कायमचा जाम होतो.

निळी_पट्टी:

सुटलेल्या निळ्या पट्ट्यांबद्दल. त्यांवर पाणी, स्पिरिट काहीही लावू नका. कडा सुटलेली आहे पण स्टिकर चुरगळलेला नाही, तर दातकोरणीच्या टोकाने आम्लविरहित गोंदाचा कणभर थर द्या, वर बटर पेपर ठेवून हलकं वजन रात्रभर ठेवा. नव्या छापील पट्ट्या मिळतात, पण अस्सल झिजलेली पट्टी काढून नवी लावली की किंमत घटते. माझं मत: फाटलेली असली तरी मूळचीच ठेवा.

धुराड्यांवरचं क्रोम हा प्लॅस्टिकवरचा फार पातळ थर असतो. टूथपेस्ट, स्पिरिट, घासणी, सगळं वर्ज्य. कोमट पाणी, दोन थेंब साबण, मऊ ब्रश, एवढंच, आणि धातूच्या पिना व धुरे लगेच पुसून कोरडे करा, नाहीतर गंज धरतो.

पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पेरॉक्साइडने उजळवण्याचा सल्ला कोणी देईल. पांढऱ्या प्लॅस्टिकवर ते चालतं. जेटफायर (ट्रान्सफॉर्मर्समधलाच पांढरा विमान-रोबोट) पिवळा पडतो म्हणून त्यावर १२ टक्क्यांचं क्रीम लावणारे बरेच आहेत. प्राइमवर मात्र गरजही नाही आणि धोकाही आहे: लेप असमान वाळला की ठिपके पडतात, स्टिकर आणि क्रोम खराब होतं, आणि उजळलेला रंग परत पिवळा पडू शकतो.

डायक्लोन_८३:

पेरॉक्साइडबद्दल निळी_पट्टी यांच्याशी पूर्ण सहमत.

करडा_ट्रेलर:

आभार! एक विचारायचं राहिलं. तो म्हणतो की पाइप नसला तरी 'जवळपास पूर्ण' आहे, म्हणून थोडीच कपात करेन. हे बरोबर आहे का?

आडवा_स्क्रू:

नाही. 'जवळपास पूर्ण' अशी वेगळी श्रेणी बाजारात नसते. संच पूर्ण असतो किंवा अपूर्ण. हिशोब असा करा: विकल्या गेलेल्या नोंदी बघा, मागितलेल्या किमती नव्हे. त्यात पूर्ण बिनखोक्याच्या संचाचा भाव काढा. मग पाइप, रॉकेटं वगैरे जे नाही त्याचा अस्सल सुटा नग शोधायला किती पडेल ते टपाल आणि सीमाशुल्कासह मोजा, आणि ते वजा करा. जुनी खेळणी भारतात फारशी सुटी मिळत नाहीत, म्हणून आयातीचा खर्च न धरणारा हिशोब चुकतो. त्यातून खांदे दुरुस्त करण्याचे वेगळे काही वजा करू नका. ते काम एका संध्याकाळचं आहे.

उद्या जाताना त्याला रॉकेटांबद्दल आधीच विचारा. फोटोंच्या यादीत त्यांचा उल्लेखच नाही.