धातूच्या सांध्यामुळे जडलेला आजार: लोकांना सांगावा की लपवावा?

प्रश्न, वासंती:
नमस्कार. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडल्यामुळे 2008 साली माझा उजवा खुबा बदलण्यात आला. बसवलेल्या सांध्याचा गोळा आणि वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची होती. चार वर्षांनी जांघ दुखू लागली, कानात सतत आवाज येऊ लागला आणि रक्तात कोबाल्ट फार वाढल्याचे आढळले. सांधा काढून दुसरा बसवला, पण धातूच्या कणांनी भोवतालचे स्नायू इतके खराब झाले होते की मी आजही लंगडते आणि दुपारनंतर थकून जाते. काढलेला गोळा मी मागून घेतला व तो स्टीलच्या डबीत ठेवला आहे. तो आरशासारखा चकचकीत आहे, फक्त कडेला एक मंद पट्टा दिसतो, आणि तिथेच तो झिजला होता.
हळदीकुंकवाला सगळ्या खाली बसतात, मी खुर्ची मागते आणि "गुडघे दुखतात" असे सांगते. लेकीसाठी स्थळे पाहणे चालू आहे, त्यामुळे "आईच्या रक्तात काहीतरी दोष आहे" अशी चर्चा होऊ नये म्हणून यजमान गप्प राहायला सांगतात. पण हे खोटे आता मला सोसवत नाही. आपण काय केलेत?

उत्तर, श्रीधर:
वासंतीताई, माझीही गोष्ट बरीचशी अशीच आहे. मी बँकेत साहेबांना एक्स-रे दाखवून सांगितले, तेव्हा तळमजल्यावरचे काम मिळाले. पण माझे ऐकून माझ्या मावसभावाने स्वतःची शस्त्रक्रिया दोन वर्षे पुढे ढकलली, याचे मला अजून वाईट वाटते. म्हणून मी आता आवर्जून सांगतो की दोष धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांचा होता, सगळ्याच सांध्यांचा नव्हे. प्लास्टिकच्या किंवा सिरॅमिकच्या वाटीवर असंख्य लोक सुखाने चालत आहेत. धातूवर धातू घासणाऱ्या एका बनावटीचे सांधे ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवले गेले. भारतात ते सुमारे 4700 शस्त्रक्रियांमध्ये वापरले गेले होते. इतक्या जणांच्या वाट्याला आलेल्या गोष्टीची लाज एकट्या तुम्ही का बाळगावी?

उत्तर, निवृत्त परिचारिका:
नातेवाइकांचे तुम्ही ठरवा, पण डॉक्टरांपासून मात्र काहीही लपवू नका. रक्तात वाढलेले कोबाल्ट हृदयाचे स्नायू, थायरॉईड, नसा, श्रवण आणि दृष्टी यांवर परिणाम करू शकते. त्यामुळे धाप लागल्यावर ज्या डॉक्टरांकडे जाल, त्यांना खुब्याचा इतिहास ठाऊक असायला हवा. ब्रिटनच्या नियामक संस्थेने 2010 मध्ये लिटरमागे 7 मायक्रोग्रॅम ही पुढील तपासणीची पातळी ठरवली, मात्र ती विषबाधेची रेषा नव्हे. चाचणीचे रक्त सूक्ष्मधातूंसाठीच्या खास नळीतच घ्यायला सांगा, नाहीतर आकडा चुकू शकतो. सांध्याचा बॅच क्रमांक असलेले स्टिकर बहुधा शस्त्रक्रियेच्या कागदांत असते, ते जपून ठेवा. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2015 मध्ये सुरू झाला असून रुग्णही तिथे तक्रार नोंदवू शकतात.
आणि लेकीबद्दल म्हणाल, तर हा आजार आनुवंशिक नाही. स्थळाकडच्यांना तो पुढे दुसऱ्या कुणाकडून कळला तर लपवल्याचाच बोल लागेल.

वासंती:
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी जाऊबाई आल्या होत्या, तेव्हा यजमानांसमोरच सगळे सांगितले आणि डबी उघडून गोळा त्यांच्या हातात दिला. त्या बराच वेळ तो तळहातावर धरून बसल्या, मग म्हणाल्या, "एवढासा, पण किती जड गं हा." पुढच्या हळदीकुंकवाला माझी खुर्ची त्याच मांडणार आहेत.