मदत हवी आहे: जुनी एटीव्ही चोकवरच चालते, चोक सोडला की बंद

नमस्कार मंडळी. मोहोळ रस्त्याला आमची डाळिंबाची बाग आहे. फवारणीची औषधं, ठिबकच्या नळ्या न्यायला जुनी २५० सीसी कार्बोरेटरवाली एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी, मोटरसायकलसारखी चारचाकी) वापरतो. पावसाळाभर ती शेडमध्ये उभीच होती. आता चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी कळ) ओढला की लगेच चालू होते, सोडला की फडफडून बंद. रेस दिली तर आधी दम खाते, मग एकदम उसळते.

कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) खोलला. त्यातल्या बाऊलच्या, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या, तळाला पिवळट चिकट थर होता, त्यात पाण्याचे थेंब. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा धरतं, त्यामुळेच हे झालं असावं. क्लीनर मारून हवा दिली. मेन जेटमधून (रेस दिल्यावर पेट्रोल सोडणारं पितळी भोक) आरपार उजेड दिसतो, पायलट जेटमधून (मंद चालताना पेट्रोल देणारं बारीक भोक) अजिबात नाही. तार घालायचा धीर होत नाही. पितळेचं भोक जरा जरी मोठं झालं तर मिश्रण कायमचं बिघडेल. शिवाय ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकतंय आणि नीडल व्हॉल्व्हच्या (बाऊल भरला की पेट्रोल अडवणारी सुई) टोकाला गोल खाच पडलेली दिसते.

सोलापुरात अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) पद्धतीने कार्बोरेटर साफ करणारं कुणी आहे का? सात रस्ता, होटगी रोड, कुठंही चालेल. मोटरसायकलचा नीडल व्हॉल्व्ह आणि पायलट जेट यात बसवून कुणी पाहिलंय का? कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या रबरी नळीला (मॅनिफोल्ड) बारीक चिरा आहेत, तिथून हवा ओढली तरी हीच लक्षणं दिसतात ना? मग आधी मॅनिफोल्डच बदलू का? फवारणी खोळंबली आहे, जाणकारांनी कृपया सांगा.