१५० वर्षं, पण उतारा कुणाच्या नावावर?

आयुष्य वाढवणाऱ्या औषधांची चर्चा निघाली की लोक म्हणतात, १५० वर्षं जगायला मिळाली तर नको कोण म्हणेल. आमच्या आज्जाला विचारा की! बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात गाव आमचं, आज्जा ९४ चा, रोज सकाळी देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसतो, पण त्याला अरेतुरे करणारं आता कुणीच उरलं नाही, परवा म्हणाला, नावानं हाक मारणारा शेवटचा गडी गेला बघ. औषधाचं म्हणाल तर २००९ मध्ये उंदरांना म्हातारपणी रॅपामायसिन नावाचं औषध सुरू करूनही आयुष्य ९ ते १४ टक्के वाढलं होतं, खरंय, पण तेच औषध किडनी बदललेल्यांना प्रतिकारशक्ती दाबायला देतात, फुकट काही नाही. आणि शेताचा उतारा अजून आज्जाच्याच नावावर, बाबा ६८ चे झाले तरी पीककर्जाला अंगठा आज्जाचाच लागतो, मग माझा नंबर कधी? (घरी सांगू नका कुणी.) एक मात्र आहे, १९५६ पासून तो महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट बघायलाय, महाराष्ट्राचा २००४ चा दावा सुप्रीम कोर्टात अजून पडूनच, तेवढ्यासाठी धा-बारा वर्षं जास्त चालतील म्हणतो.