चिनी सिक्वेन्सर घ्यावा का? नियम काय सांगतो?

बाणेरची_पर्चेस
आमची छोटी खासगी लॅब आहे, कॅन्सरच्या जनुकीय तपासण्या करतो. नवा सिक्वेन्सर, म्हणजे डीएनए वाचणारं मशीन, घ्यायचाय. चिनी मशीनचं कोटेशन अमेरिकन मशीनपेक्षा बरंच खाली आलंय, रीएजंटही (तपासणीला लागणारी रसायनं) स्वस्त. सर म्हणतात, घेऊन टाका. सही मात्र माझी! अमेरिकेने म्हणे अशा कंपन्यांविरुद्ध कायदा केलाय. आपल्याकडे बंदी आहे का? देशभक्तीचे डोस नकोत, नियम सांगा.

जीन्सपँट
खासगी लॅबला बंदी नाही. जुलै २०२० पासून, आपल्याला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातल्या बोलीदाराला सरकारी टेंडर भरण्याआधी नोंदणी करावी लागते. म्हणजे एनसीएल, एनआयव्हीसारख्या सरकारी संशोधन संस्थांच्या खरेदीत हा नियम आडवा येईल, तुमच्या नाही.

अमेरिकेचा तो बायोसिक्युअर कायदा: धोक्याच्या वाटणाऱ्या परदेशी बायोटेक कंपन्यांचा माल सरकारी पैशात नको, असा. २०२४ च्या मसुद्यात बीजीआय, एमजीआय, वूशी या चिनी कंपन्यांची नावं थेट होती. ते विधेयक सिनेटमध्ये अडकलं. डिसेंबर २०२५ मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्यातून मंजूर झालं, तेव्हा नावं गाळून यादी करण्याचं काम सरकारवर सोपवलं. अमेरिकी सरकारच्या पैशावरचं काम घेणार असाल तर आत्ताच विचार करा. नाहीतर पुढे मशीन धूळ खात पडेल.

एचए_कॉलनीवाला
चिनी मशीन म्हटलं की सगळे रुग्णांच्या डेटाचोरीचंच बोलतात, मला पुरवठ्याची धास्ती जास्त वाटते. मी पिंपरीत वाढलो. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ ची, डब्ल्यूएचओ-युनिसेफच्या मदतीने उभी राहिलेली, देशाचं पेनिसिलिन इथे बनायचं. पुढे चीनमधून इतका स्वस्त माल आला की देशातलं पेनिसिलिन-जीचं (अँटिबायोटिक्सचा कच्चा माल) उत्पादनच थांबलं. मग २०२० मध्ये सरकारला कच्च्या औषधांसाठी ६,९४० कोटींची पीएलआय (उत्पादनावर प्रोत्साहन रक्कम देणारी) योजना आणावी लागली, आणि २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याला पेनिसिलिन-जी पुन्हा सुरू झालं. स्वस्ताई अशी फिटते, व्याजासकट.

पण अमेरिकन घेतलं की सुटलो, असंही समजू नका. एप्रिल २०२१ आठवतोय ना? लशीचा कच्चा माल अमेरिकेने अडवला, तेव्हा आपल्या सीरमच्या पूनावालांना ट्विटरवरून थेट बायडन यांना विनंती करावी लागली होती. ते तर मित्रराष्ट्र! रीएजंट बंद झाले तर किती महिने निभेल, हे दोन्ही विक्रेत्यांकडून लेखी घ्या.

सॅम्पल_नं_बी
आणि सर्व्हिस इंजिनियरचं रिमोट लॉगिन बंद ठेवा. मशीन इंटरनेटवर नको, डेटा आपल्याच सर्व्हरवर. हे कुठल्याही देशाच्या मशीनला लागू. फुकट क्लाउड देतो म्हणाले तर चहा पाजा आणि नाही म्हणा.

बाणेरची_पर्चेस
लेखी मागितलं. चिनी मशीनचा डीलर म्हणतो, "मॅडम, एवढं कोणी विचारत नाही." अमेरिकन मशीनवाल्याने रिमोट लॉगिनशिवाय वॉरंटीच देणार नाही म्हणून कळवलंय. यातून कोणी वाट काढली आहे का?