उत्तर: सगळे 'ली' चिनी नव्हेत

चिनी आडनाव 'ली' म्हणजे आलुबुखाराचं झाड, हे मान्य. पण 'ली आडनाव दिसलं की मूळ चिनी' असा जो दावा इथे झालाय, तो काही पटला नाही. अमेरिकन यादवी युद्धातला सेनापती रॉबर्ट ली घ्या. ते इंग्रजी ली रानातल्या मोकळ्या जागेवरून आलंय, चीनशी संबंध शून्य.

खरी गंमत कोरियात. तिथल्या ली आडनावाचं चिनी लिपीतलं चिन्ह तेच, वर 'झाड', खाली 'मूल'. पण दक्षिणेत सुरुवातीचा 'र' गळतो, म्हणून उच्चार नुसता 'ई'. उत्तरेत मात्र 'री'. रोमन लिपीत दक्षिणेतले बहुतेक जण ली लिहितात, म्हणून आपणही पेपरात ली वाचतो. दक्षिण कोरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही, त्यांचंही आडनाव हेच! व्हिएतनाममधलं 'ले' मात्र यात धरू नका, त्याचं चिन्हच निराळं.